उजवा वरचा कोपरा

विश्वजितला टी-शर्ट घालायची भीती वाटायची. चोवीस वर्षांचा गडी, सहा फुटांवर दोन बोटं उंच, कोल्हापुरातल्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. पण डोक्यावरून कपडा काढायचा म्हटलं की त्याच्या तळहातांना घाम फुटायचा. उजवा हात वर जायचा, कानाच्या पातळीला यायचा आणि आतून कुणीतरी मनगट धरल्यासारखा तिथंच थांबायचा. म्हणून वर्षभर तो बटणांचे शर्ट घालत होता. सामन्याची जर्सी चढवताना आधी उजवी बाही, मग मान, मग डावी, असा क्रम त्यानं बसवला होता. तो कुणाला दिसू नये म्हणून सगळ्यांच्या आधी येऊन कपडे बदलून बसायचा. लोक म्हणायचे, पोरगं लई वक्तशीर. लोकांना काय, दिसेल ते म्हणतात.

झालं होतं ते असं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये भर सामन्यात एक कॉर्नर आला. उजव्या वरच्या कोपऱ्यात वळणारा चेंडू विश्वजितनं बोटांच्या टोकांनी बाहेर काढला आणि तो आडवा पडला, तो सगळा भार पसरलेल्या हातावर घेऊन. खांदा निखळला. तो ओरडलासुद्धा नाही, कारण ओरडायला श्वासच नव्हता. संघाचे कोच आकाराममामा धावत आत आले. मामा जुन्या वस्तादांच्या घरातले. हाड बसवायचं म्हणजे त्यांच्या घरी चहा करण्याइतकं नेहमीचं काम. त्यांनी बूट काढला, टाच विश्वजितच्या काखेत रोवली, हात धरला आणि ओढला. आत ‘खट्’ झालं. विश्वजित उठला, उरलेली बारा मिनिटं गोलात उभा राहिला आणि संघ जिंकला. पेठेनं त्याला उचलून घरापर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवशी दंड कोपरापर्यंत काळानिळा झाला. डॉक्टरांनी फोटो काढले, पुन्हा मोठे फोटो काढले, आणि सांगितलं की खांद्याच्या खोबणीची कड फाटली आहे. पुन्हा निखळला तर ऑपरेशन, आणि त्यानंतर गोलात उभं राहायचं विसरा. विश्वजितनं हे कुणालाही सांगितलं नाही. घरी आईला, जिला सगळे आक्काच म्हणत, ‘सूज हाय’ म्हणाला. फिजिओथेरपीसाठी शहरातले सगळे दवाखाने सोडून मोटरसायकलवरून हातकणंगल्याला जात राहिला, कारण तिथं पेठेतलं कुणी भेटत नाही. आठवड्यातून तीनदा हातकणंगल्याला जाणाऱ्या पोराकडं बघून आक्काला वाटलं, पोरगी बघितली असंल, आणि ती खूश झाली.

तीन महिन्यांनी तिथल्या बाईंनी हात टेकले. म्हणाल्या, “ताकद आलीय. पण तुम्ही हात वर नेतच नाही. ते माझ्या मशीननं होणार नाही.” आणि त्यांनीच योग शिकवणाऱ्या राजमती बाईंचा पत्ता आणि त्यांच्या नावानं एक चिठ्ठी लिहून दिली.

तरी तो लगेच गेला नाही. योगा म्हणजे रिटायर माणसांनी गुडघे दुखू नयेत म्हणून करायचा, हे तालमीत लहानपणीच ठरलेलं असतं. डिसेंबरात सामने सुरू झाले. उजव्या वरच्या कोपऱ्यात दोन सोपे चेंडू गोलात गेले आणि प्रेक्षकांतून पहिली शिवी आली, तेव्हा जानेवारीतल्या एका पहाटे तो हेल्मेट न काढता शाहूपुरीतल्या मंगल कार्यालयाचे जिने चढला.

वरच्या हॉलमध्ये पंधरा-सोळा बायका सतरंज्या पसरत होत्या. त्यातल्या सगळ्यात पुढच्या, अंबूबाई, सदुसष्ट वर्षांच्या, पूर्वी मंडईत भाजीला बसायच्या. त्यांनी ह्या ताडमाड माणसाला वरखाली बघितलं.

“या पावणं. टोपडं काढा की डोक्यावरचं. हितं गाडी न्हाई चालवायची.”

हॉलभर हसू पसरलं. विश्वजितनं हेल्मेट काढलं, आणि पहिल्यांदा खिडक्या बघितल्या, रस्त्यावरून आत दिसतंय का ते.

राजमती बाई एकसष्ट वर्षांच्या. पस्तीस वर्षं शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. बारीक, खादीचा कुर्ता, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेला मान वळवावी लागू नये. खो-खोच्या पोरी आणि लांब पल्ल्याची धावणारी पोरं त्यांच्याकडं येऊन गेली होती. त्यांनी हातकणंगल्याच्या बाईंची खांद्याबद्दलची चिठ्ठी वाचली आणि विश्वजितला काही विचारलं नाही. नुसतं उभं राहायला सांगितलं. दोन्ही पाय जुळवून, हात बाजूला, डोळे मिटून.

पाच मिनिटं झाली, सात झाली.

“बाई, पुढचं कवा?”

“तुझा सगळा भार डाव्या पायावर आहे,” बाई म्हणाल्या. “आत्ता नव्हे, आल्यापासून. उजवीकडं जायचंच नाही असं ठरवून उभा आहेस तू. खेळतोस ना गोलात? मग समोरच्याला चेंडू कुठं मारायचा ते तुझे पायच सांगतायत.”

विश्वजितनं डोळे उघडून आपल्या पायांकडं बघितलं. इतके दिवस भीती खांद्यात आहे असं तो समजत होता. ती पायापर्यंत उतरली होती आणि बाहेरून दिसत होती.

त्या दिवसापासून तो रोज यायला लागला. बाईंनी त्याला काही नवलाचं शिकवलं नाही. उजव्या पायावर झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी. कोपरांवर भार घेऊन फळीसारखं ताठ राहायचं. पाय फाकवून, गुडघा वाकवून, हात खांद्याच्या रेषेत धरून ठेवायचे, वर नाही. आणि श्वास सोडायचा, घेतल्यापेक्षा लांब. “कुठं अडकतो ते बघ,” बाई म्हणायच्या. “अडकला की तिथं थांबायचं. पुढं ढकलायचं नाही.” पहिल्या दिवशी एका पायावर विश्वजित अकरा सेकंद टिकला. शेजारी अंबूबाई दीड मिनिट उभ्या होत्या आणि वर त्याला विचारत होत्या, लगीन झालंय का.

खरं सांगायचं तर उपयोग झाला. तीन आठवड्यांत त्याची कंबर धरायची थांबली. गोलकिक आधी मध्यरेषेच्या अलीकडं पडायची, ती आता पलीकडं पडायला लागली. पायावर उभं राहता आलं म्हणून उडी सरळ जायला लागली. उजवीकडचे खालचे चेंडू तो पकडू लागला. मुख्य म्हणजे समोरून कुणी धावत आला की त्याचा श्वास कोंडायचा, तो आता कोंडत नव्हता. सरावाला आकाराममामा कमरेवर हात ठेवून बघत राहायचे. एकदा म्हणाले, “काय खाल्लंस रं?” विश्वजित हसला आणि चेंडू आणायला पळाला. योगा करतोय म्हणून सांगितलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

राहिला होता तो एकच कोपरा, उजवा वरचा. बाई म्हणाल्या, अजून तीन महिने. सेमीफायनल होती पाच आठवड्यांवर.

आता तालमीत वाढलेल्या माणसाचं एक असतं. त्याला ‘पुरे’ हा शब्द कुणी शिकवलेला नसतो. शंभर जोर चांगले तर दोनशे दुप्पट चांगले, आणि दुखलं म्हणजे लागू पडलं. पहाटे अंग मोडून आलं नाही तर वस्तादाला वाटतं पोरगं चुकारपणा करतंय. विश्वजितच्या आज्यापासून घरातले सगळे पुरुष ह्याच हिशेबानं मोठे झाले होते. त्यामुळे बाई जेव्हा म्हणाल्या, की गोमुखासनात तू फक्त डावा हात वर घ्यायचा, उजवा कधीच नाही, तेव्हा त्यानं मान हलवली, आणि मनात त्याचा अर्थ असा लावला की खरं औषध हेच असणार.

गोमुखासनात एक हात खांद्यावरून पाठीमागं सोडतात, दुसरा खालून वर आणतात आणि पाठीवर बोटांत बोटं अडकवतात. अंबूबाई बोलता बोलता अडकवायच्या. सदुसष्ट वर्षांच्या बाईला जमतं आणि पेठेच्या गोलकीपरला नाही, ही गोष्ट विश्वजितला सलत होती. घराच्या गच्चीवर, टाकीच्या आडोशाला त्यानं सुरू केलं. पहिल्या दिवशी उजवा हात कानापाशीच अडला. मग त्यानं हातात टॉवेल धरला, खालच्या हातानं तो ओढायचा. पहिल्या दिवशी दोन हातांत वीतभर अंतर होतं. चौथ्या दिवशी चार बोटं. रोज दहा वेळा, मग वीस, मग चाळीस. दुखत होतं. लागू पडतंय, असं तो स्वतःला सांगत होता. आणि हात खरंच वर जायला लागला होता, ते बघून त्याला रडू यायचं बाकी होतं.

अठराव्या दिवशी बोटं बोटांना लागली. त्यानं टॉवेल टाकला, बोटं अडकवली आणि थोडं आणखी ओढलं.

खांदा सरकला.

पुरता निखळला नाही. हाडाचा गोळा खोबणीच्या कडेवर चढला, तिथं क्षणभर थांबला, जणू कुठं जावं ते ठरवत होता, आणि परत आत गेला. विश्वजित टाकीला टेकून खाली बसला. उन्हात बसून तो कुडकुडत होता. डाव्या हातानं उजवा दंड छातीशी धरून तो त्या गोळ्याचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होता, आत आहे का, राहतोय का.

“विश्वा, च्या गार व्हायलाय,” आक्कानं खालून हाक मारली.

“आलो,” तो म्हणाला. आणि आपला आवाज इतका नीट कसा आला, ह्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

सेमीफायनलला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत त्यानं बाईंच्या वर्गाला जायचं बंद केलं. झोपताना टॉवेलनं मनगट कमरेला बांधून घ्यायला लागला, झोपेत हात वर जाऊ नये म्हणून. मोटरसायकलवर खड्डा आला की डोळे मिटायचे, आणि कोल्हापुरात खड्ड्यांना डोळे मिटणारा माणूस किती दिवस जगणार. सरावात उंच चेंडू आला की बूट बांधायला वाकायचा. चौकात तर त्याचाच डिजिटल बोर्ड लागला होता. दोन्ही हात आभाळात पसरलेला विश्वजित, दहा फूट उंच, खाली लिहिलेलं, ‘पेठेची भिंत’. गेल्या वर्षी त्या सामन्याच्या आधी काढलेला फोटो. येता-जाता त्या वर गेलेल्या उजव्या हाताकडं बघितलं की त्याचा खांदा आत दुखायचा.

भेटेल तो विचारायचा, “काय भावा, झोपवायचं न्हवं त्यास्नी?” तो म्हणायचा, व्हय. आतून त्याला वाटायचं, ह्यांच्यातल्या एकानं तरी विचारावं, की हात कसाय. कुणी विचारलं नाही. ज्याला भिंत म्हटलंय त्याला कोण विचारतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी तो राजमती बाईंच्या घरी गेला. उजेड होता. बाई आणि त्यांचे यजमान भूपालकाका जेवायला बसले होते, सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण होतं. बाईंनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि ताट बाजूला सारलं. काका आपलं ताट उचलून मुकाट आत गेले.

“बाई, उद्यापुरतं कायतरी सांगा.”

“उद्यापुरतं म्हणजे?”

“एखादं आसन. न्हायतर प्राणायाम. भ्या जाईल असं.”

“उजवा हात वर घेतलास,” बाई म्हणाल्या. विचारलं नाही, म्हणाल्या.

त्याचा डावा हात उजव्या दंडावर गेला.

“किती दिवस?”

“अठरा.”

“रोज किती?”

“शेवटी शेवटी चाळीस.”

बाईंनी ताटातली वाटी रिकामी केली, तिच्यात लिंबाची अर्धी फोड उपडी ठेवली आणि त्याच्यासमोर धरली.

“हा तुझा खांदा. फोड आत राहते कशानं? ह्या कडेनं. तुझ्या वाटीची कड एका बाजूनं फुटलीय. मी सहा आठवडे काय करत होते? भोवतीनं मूठ आवळायला शिकवत होते, की कड नाही तर मुठीनं धरून ठेव. आणि तू काय केलंस? रोज चाळीस वेळा ती फोड बोटानं फुटक्या बाजूला ढकलत राहिलास.” त्यांनी वाटी जरा कलती केली. फोड टेबलावर पडली.

“पर योगानं अंग मोकळं हुतंय म्हणत्यात—”

“धावणाऱ्या पोरांच्या मांड्या आखडतात, त्यांना मोकळं करते मी. तुझं आधीच सैल आहे. प्रत्येकाला वेगळं लागतं, म्हणून तर शिकवणारा लागतो. नाहीतर पुस्तक बघून केलं नसतं सगळ्यांनी?” त्यांचा आवाज चढला होता. मग एकदम उतरला. “माझंही चुकलं. तुमच्यासारख्यांना ‘करू नको’ म्हणून भागत नाही. हे वाटीचं तुला पहिल्याच दिवशी दाखवायला हवं होतं. विश्वजित, मला भीती वाटतीय तुझी. उद्या खेळू नकोस. आकारामना सांग.”

“सांगितलं तर संपलं, बाई.”

“आणि नाही सांगितलं तर?”

काका आतून त्याच्यासाठी पाणी घेऊन आले. पेला त्यानं डाव्या हातानं घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता स्टेडियम भरलं होतं. हलगी वाजत होती, दोन्ही बाजूंचे झेंडे नाचत होते, आणि ड्रेसिंग रूमच्या भिंतीतून तो आवाज अंगात शिरत होता. विश्वजित सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता, पण जर्सी अजून मांडीवरच होती. उजवी बाही चढवली की झालं, मग मागं फिरणं नाही, हे त्याला माहीत होतं. त्यानं श्वास लांब सोडायचा प्रयत्न केला. तो मध्येच अडकला. अडकला की तिथं थांबायचं. तो थांबला. आणि थांबल्यावर त्याला स्पष्ट कळलं की आपल्याला सामन्याची भीती वाटतच नाहीये, हरायचीही नाही. एकच भीती आहे. तो उंच चेंडू येईल, दहा हजार माणसं बघत असतील, आणि आपण लाजेपायी हात वर टाकू.

तो उठला आणि मामांना घेऊन मागच्या पाण्याच्या टाकीपाशी गेला.

“मामा, माझा खांदा जायलाय. उजवीकडं वर हात जात न्हाय. गेल्या आठवड्यात सरकलाय. डॉक्टर म्हणलाय, परत गेला तर ऑपरेशन.”

मामांना राग येईल, शिवी येईल, कदाचित हातही उगारतील, असं विश्वजितला वाटत होतं.

“दिसत हुतं मला,” मामा म्हणाले.

“काय?”

“वरीस झालं दिसतंय. उंच चेंडू आला की तू बूट बांधतोस. आंधळा न्हाय मी.” ते टाकीच्या नळाकडं बघत बोलत होते. “त्या दिवशी मीच ओढला हुता न्हवं त्यो. तवापासनं दिसतंय.”

“मग मला खेळवत का हुता?”

मामांनी नळ घट्ट फिरवून बंद केला.

“तू न्हाय म्हणला न्हाईस की.”

विश्वजितला मामांचा राग नाही आला, म्हणजे तेव्हा तरी नाही. त्याला एवढंच दिसलं, की आज तो बोलला नसता तर हे सगळे, प्रेमाची माणसं, त्याच्या नावानं हलगी वाजवणारी, त्याला त्या गोलात उभं करून बघत बसली असती. एकानंही हात धरला नसता. वर्षभर ज्या काठावर आपण उभे होतो तिथं आजूबाजूला कुणीच नव्हतं, हे त्याला त्या टाकीपाशी उभं राहून कळलं, आणि गच्चीवर बसला होता त्याहून जास्त थंडी वाजली.

“सम्राटला सांगा तयार हो म्हणून,” तो म्हणाला.

सम्राट दुसरा गोलकीपर, बावीस वर्षांचा, दोन हंगाम राखीव म्हणून बाकावर बसलेला. त्याला सांगितल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला. विश्वजितनं स्वतःचे हातमोजे त्याच्या हातांत चढवले. पट्टे घट्ट आवळताना सम्राटनं डोळे गच्च मिटले. भ्यालाय बिचारा, असं विश्वजितला वाटलं. त्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “भावा, जेवढं जमतंय तेवढंच. मी हाय बाकावर.”

बाकावर तो नव्वद मिनिटं बसला. पहिल्या दहा मिनिटांतच पेठेच्या लोकांना कळलं की भिंत बाहेर बसलीय, आणि मग सुरुवात झाली. भित्र्या म्हणाले, विकला म्हणाले, आक्काचा उद्धार झाला. पाण्याची एक पिशवी येऊन त्याच्या पायाशी फुटली. सम्राटनं दोन चेंडू असे अडवले की मामा उभे राहिले. सामना बरोबरीत सुटला आणि टायब्रेकरवर पेठ हरली, पाच-चार. त्या रात्री चौकातला बोर्ड कुणीतरी फाडला, नेमका हातांपासून खाली.

तीन दिवस आकाराममामा कुणाशी बोलले नाहीत. विश्वजित मात्र दुसऱ्याच दिवशी पहाटे शाहूपुरीत जाऊन आला. अंबूबाईंनी त्याच्यासाठी शेजारची सतरंजी जरा सरकवून जागा केली. बाईंनी त्याला पुन्हा पहिल्यापासून दोन पायांवर उभं केलं.

चौथ्या दिवशी मामांनी सरावाला सगळ्यांना बोलावलं. अठराजण मैदानाच्या कडेला बसले. चेंडू आणले नव्हते. मामा समोर उभे राहिले, टोपी हातात घेऊन. असं मामांना कुणी कधी बघितलं नव्हतं.

“ज्याचं ज्याचं कायतरी दुखतंय आणि त्यानं मला सांगितलेलं न्हाय,” ते म्हणाले, “त्यानं हात वर करा. संघातनं काढणार न्हाय कुणाला. आईची आण.”

कुणी हललं नाही. मग विश्वजितनं डावा हात वर केला. त्याचं तर सगळ्यांना माहीत झालंच होतं. थोड्या वेळानं मागं बसलेल्या बॅकनं हात वर केला. “मांडी,” तो पुटपुटला. मग स्ट्रायकरनं. मग कॅप्टननं, ज्याच्या गुडघ्याबद्दल त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं. एकेक हात वर जात राहिला, सावकाश, शेजारच्याकडं न बघता. मामा मोजत होते आणि मोजता मोजता त्यांचे ओठ कोरडे पडत चालले होते. अठरापैकी तेरा झाले. विश्वजित एकेका हाताकडं बघत होता. आपण एकटेच होतो असं वर्षभर धरून चाललो, आणि हे सगळे तिथंच, शेजारी, आपापल्या काठावर उभे होते.

चौदावा हात त्याच्या अगदी बाजूला वर गेला. सम्राटचा.

“तुझं काय?” विश्वजितनं विचारलं.

“डावं मनगट.”

“सामन्यात पडलास तवाचं?”

सम्राटनं मान हलवली, नाही म्हणून. “दिवाळीपासनं हाय. पडलो हुतो गाडीवरनं. हाड चिरलंय म्हणाला डॉक्टर.” तो समोर बघत होता. “दोन वर्सांनी नंबर लागला हुता. कसा बोलणार?”

विश्वजितला त्या दिवशीचा हातमोज्याचा पट्टा आठवला. आपणच दोन्ही हातांनी, गच्च, अंगातल्या सगळ्या ताकदीनं आवळलेला. त्यानं सम्राटचं डावं मनगट हळूच आपल्या तळहातावर घेतलं. ते सुजलेलं होतं आणि गरम होतं.